पाहणीच्या दिवशी आलेला फ्रिज

खरं सांगा, घरी कुणी मोठं माणूस येणार म्हटल्यावर शेजारून काय काय मागून आणलंय तुम्ही? कपबशा? चांगली चादर? दोन खुर्च्या? आणलंय ना? मग पेत्रोनाला हसायच्या आधी जरा थांबा.

गोष्ट तशी तिच्या लेकीची, लेडिसची. आमच्या कोलंबियात, मागांगे गावात, नदीच्या अगदी कडेला एल प्लायोन नावाची वस्ती आहे, तिथं या मायलेकी राहतात. लेडिस बावन्न वर्षांची. सरकारी विम्याच्या कचेरीबाहेर उजाडायच्या आत रांग लागते, त्या रांगेला ती काळी कॉफी विकते. दोन थर्मास, एक स्टूल, आणि तोंड. शाळा चौथीतच सुटली. पण रांगेत उभ्या माणसाला बोलण्यावाचून दुसरं काम नसतं, आणि लेडिसला कान आहेत. कुठल्या खिडकीवर कोणता कागद परत फेकला, कोणत्या कागदापुढं बाबू गप्प बसला, हे एकोणीस वर्षं ऐकून ऐकून तिच्या डोक्यात पक्कं बसलं. आता खिडकीतला माणूस एक सांगतो, आणि लोक बाहेर येऊन लेडिसला विचारतात, "हे खरं का गं?"

"नोकरी गेली?" ती एखाद्याला विचारणार. "मग तोंड पाडून काय उभा आहेस? पगारातून कापायचे तो विमा गेला, फुकटातल्यात सरक. तीच कंपनी, तोच डॉक्टर. पण स्वतः जाऊन सांग. घरी बसलास तर तुला बोलवायला कुणी येणार नाही."

एकोणीस वर्षांची पोटुशी पोर रडत आली, तर तिला म्हणाली, "बापाच्या नावावर आहेस ना? मग बाळही आजोबाच्याच विम्यात चढतं. नवऱ्याचा कागद लागत नाही."

"नवरा नाहीच आहे, मावशी."

"मग तर एक कागद कमी."

सीमेपलीकडून, व्हेनेझुएलातून आलेल्या बाईला ती सांगायची की आधी राहण्याचा परवाना, मग विमा. पण कळा सुरू झाल्या तर कसली वाट न बघता तातडीच्या दारातून आत शिर, तिथं कागद नंतर विचारतात. आणि बारा वर्षं लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या एका बाईला म्हणाली, "नोटरीपुढं दोघं सही करा, की आम्ही एका घरात राहतो. त्याच्या विम्यात तू बसतेस."

"सही म्हटलं की पळून जाईल तो."

"पळू दे. आधी विम्यात बस, मग पळव."

रांग हसायची. पण त्याच लेडिसला कुणी दुसऱ्यांदा तेच विचारलं की तिचा पारा चढायचा. "मघाशी काय मी नदीशी बोलत होते?" लोक तिला घाबरायचे आणि तिच्याकडंच यायचे.

आता फुकटचा विमा कुणाला, हे आमच्याकडं घर बघून ठरतं. सरकारची माणसं दारोदार येतात, जमीन कसली, छप्पर कसलं, चूल कसली, फ्रिज आहे का, किती जण एका खोलीत झोपता, सगळं विचारून हातातल्या यंत्रात भरतात. त्यावरून हलाखीचे गुण पडतात, आणि गुणांवरून गट. ए म्हणजे अगदीच हलाखी, मग बी, मग सी. डी म्हणजे तुमचं बरं चाललंय, फुकटच्या विम्यातून उठा.

एल प्लायोनमध्ये पाहणी येणार होती त्याच्या आदल्या संध्याकाळी लेडिसनं आईला बजावलं, "मी दहापर्यंत येते. त्याआधी कुणी आलंच, तर आहे ते दाखव."

"दाखवीन की," पेत्रोना म्हणाली.

पेत्रोना शहात्तर वर्षांची. साखरेचा आजार, उजव्या पायाला न भरणारी जखम, दिवसातून दोनदा इन्सुलिन. घरात फ्रिज नाही, म्हणून इन्सुलिन शेजारच्या एनाल्बाच्या फ्रिजमध्ये असायचं, खालच्या कप्प्यात, पेत्रोनाच्या नावाच्या डब्यात. दोन वेळा ती काठी टेकत तिकडं जायची. तरुणपणी तिनं गुरांच्या एका मोठ्या मालकाकडं तीस वर्षं स्वयंपाक केला होता. पाहुण्यासमोर ताट कसं मांडायचं, पेला कसा धरायचा, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या मालकानं तिच्या नावे कधी विमा भरला नाही, निवृत्तिवेतन नाही. तिथून तिनं घेतला तो एवढा ताठा.

पाहणीच्या दिवशी सकाळी आठला ती एनाल्बाच्या दारात उभी.

"सरकारची पोरगी माझ्या घरी येणार, आणि मी तिला मडक्यातलं कोमट पाणी देऊ?"

एनाल्बाचे दोन दीर रिकामेच बसले होते. त्यांनी फ्रिज हातगाडीवर घातला, आतल्या इन्सुलिनसकट. फ्रिज आला म्हटल्यावर त्याच्याशेजारी तो मोडका बाक बरा दिसेना, म्हणून मागच्या घरातून सोफा आला. गाडी परत जातच होती, तर कुणीतरी धुण्याचं यंत्रही चढवलं. वस्तीत असंच असतं. मदत करायला लागले की थांबत नाहीत.

नऊ वाजता युरानिस नावाची पाहणीवाली आली. पंचविशीची, उन्हानं लाल झालेली, यंत्र छातीशी धरून. पेत्रोनानं तिला सोफ्यावर बसवलं आणि कोरोसोच्या फळांचं गार सरबत दिलं. काचेच्या पेल्यात, बशीवर ठेवून.

"फ्रिज आहे ना, निन्या पेत्रोना?" आमच्याकडं मानाच्या बाईला, शंभरीची असली तरी, निन्या म्हणजे लहान मुलगीच म्हणतात.

"हा काय. माझं औषध त्यातच असतं."

"गेल्या महिन्यात कधी उपाशी राहायची वेळ आली घरात कुणावर?"

"माझ्या घरात? पोरी, असलं अभद्र विचारू नये."

युरानिसनं विचारलं ते तिनं सांगितलं, सही केली, आणि वर पोरीला जाताना तळलेल्या माशाचा तुकडा केळीच्या पानात बांधून दिला. साडेदहाच्या आत फ्रिज, सोफा, यंत्र, सगळं आपापल्या घरी परत गेलं. लेडिस अकराला आली तेव्हा पाहणी होऊन गेली होती. "सगळं नीट झालं," पेत्रोना म्हणाली. लेडिसनं पुढं काही विचारलं नाही. पाय दुखत होते तिचे.

दोन महिन्यांनी खिडकीतल्या माणसानं स्वतःहून तिला हाक मारली. "लेडिस, तुझ्या आईचं नाव आलंय. डी गट. महिनाअखेरीला विमा बंद."

लेडिसनं थर्मास आपटला. "माझी आई डी? अहो, आमच्या मागच्या भिंतीतून कोंबडी ये-जा करते! कुणी भरलं हे? डोळे होते का त्याला?"

माणसानं संगणकाचा पडदा तिच्याकडं वळवला. फ्रिज: आहे. धुण्याचं यंत्र: आहे. खाली पेत्रोनाची सही, तीस वर्षांच्या पाककृती लिहून वळण लागलेली, सुरेख.

लेडिसनं थर्मास उचलले. रांग अर्ध्यात सोडून जाताना लोकांनी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

घरी आल्यावर मात्र तिनं वस्ती डोक्यावर घेतली. "धुण्याचं यंत्र? आपल्याकडं नळ तरी आहे का गं?"

"ते मी मागितलं नव्हतं," पेत्रोना म्हणाली. "ते आपलं आलं."

मग लेडिस बसली आणि दुसऱ्यांसाठी करायची तशी एकेक वाट तपासू लागली. भाऊ ओस्मेल बारांकिया शहरात पहारेकरी, त्याचा पगारातला विमा. पण आईबाप मुलाच्या विम्यात बसतात ते त्याला बायको-पोरं नसतील तरच.

"मग काय, त्याला बायको सोडायला लावू?" पेत्रोना म्हणाली. "तशी ती मला आवडत नाहीच."

डी गटातल्यांना दरमहा थोडे पैसे भरून विम्यात राहता येतं, तीही एक वाट होती. पण पावसाच्या महिन्यात रांगच येत नाही, तेव्हा काय भरणार? चुकला हप्ता की पुन्हा बाहेर. शेवटी एकच उरलं. चूक झाली म्हणून लिहून द्यायचं आणि पाहणी पुन्हा मागायची.

"पुन्हा?" पेत्रोनाचा चेहरा उतरला. "तीच पोरगी आली तर? तिच्यासमोर मी म्हणू की फ्रिज मागून आणला होता? मरेन, पण म्हणणार नाही."

"मरशीलच! एनाल्बाच्या फ्रिजमध्ये महिन्याभराचं इन्सुलिन उरलंय. मोजून आले आत्ता."

पेत्रोनानं जखमेवरची पट्टी सारखी केली. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी तू कुठं होतीस?"

लेडिस त्या दिवशी नदीपलीकडून आलेल्या एका बाईच्या म्हाताऱ्या आईचा अर्ज भरून देत होती. हे तिला आठवलं, आणि तिनं आईच्या अर्जाचा कागद पुढं ओढला.

अर्ज तिनं दुसऱ्याच दिवशी दिला. पाहणीचा दिवस आला तेव्हा सकाळी एनाल्बाचे दीर पुन्हा दारात हजर, या वेळी अपराधी चेहऱ्यानं. "मावशी, चूक आमचीपण आहे. आज सगळं बाहेर नेतो. पंखा, टीव्ही, ती बरी खाट. एक चटई ठेवू खाली, बास."

लेडिसचं डोकं आधीच तापलेलं. "उचला," ती म्हणाली. "खुर्च्याही न्या."

पंखा उंबऱ्यापर्यंत गेला असेल नसेल, पेत्रोनानं काठी जमिनीवर हाणली. "ठेव तो! तेव्हा मी स्वतःला श्रीमंत केलं, आज तुम्ही मला भिकारीण करता? पंखा माझा आहे. खाट माझी आहे."

"आई, पंख्याचे गुण कापतात!"

"कापू देत. एकदा खोटी सही केली, ती पुरे."

लेडिस काहीतरी बोलणार होती, पण दारात युरानिस उभी होती. तीच.

ती आत आली, बाकावर बसली. जिथं फ्रिज होता तिथं आता पाण्याचं मडकं होतं. ती मडक्याकडं बघत होती. पेत्रोनानं काठी दोन्ही हातांत धरली आणि म्हणाली, "तो फ्रिज शेजारचा होता, पोरी. सोफाही. तू पहिल्यांदा आली होतीस, मला लाज वाटली."

युरानिस यंत्रातून मान वर न करता म्हणाली, "सरबत तरी तुमचं होतं ना? मग त्याचं कौतुक तुमचंच." आणि एकेक प्रश्न पुन्हा सुरू झाले. फ्रिज, नाही. नळ, नाही. छप्पर, पत्रा. नदी आत येते का? पेत्रोनानं भिंतीवर मांडीइतक्या उंचीवर बोट ठेवलं.

"गेल्या महिन्यात कुणी उपाशी राहिलं?"

पेत्रोना लेकीकडं वळली. "तू जरा बाहेर जा."

"का?"

"जा म्हटलं ना."

लेडिस बाहेर गेली. पण ज्या भिंतीतून कोंबडी जाते, तिथून शब्द जाणार नाहीत होय?

"ज्या दिवशी कॉफी खपत नाही," पेत्रोनाचा आवाज आला, "त्या दिवशी मी म्हणते, एनाल्बाकडं जेवले. ताट लेडिससाठी ठेवते. आठवड्यातून दोनदा. कधी तीनदा. आणि रिकाम्या पोटी इन्सुलिन टोचलं तर चक्कर येते, म्हणून त्या दिवशी तेही घेत नाही. तिला सांगू नकोस. ती ओरडते."

लेडिस मागच्या अंगणात उभी होती. पायाची जखम का भरत नाही म्हणून तिनं तीन डॉक्टरांना फैलावर घेतलं होतं. औषधाची कंपनी बदला म्हणून भांडली होती. रोज संध्याकाळी घरी आल्यावर विचारायची, "आई, जेवलीस?" आणि "हो, एनाल्बाकडं" ऐकलं की समोरचं ताट ओढून खायला बसायची.

ती ओरडली नाही. आत आली, मडक्यातून पेलाभर पाणी काढून युरानिसपुढं ठेवलं. युरानिस ते पिऊन गेली.

इन्सुलिन आठवड्याभराचं उरलं असताना निकाल आला. बी गट. पंखा धरून. विमा तुटला नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, "बघ, झालं ना काम." लेडिसनं मान हलवली आणि त्या दिवशी दुपारच्या आत घरी गेली. दोन ताटं वाढली, आणि आईचं संपेपर्यंत समोरून हलली नाही. जखम अजून पूर्ण भरलेली नाही. पण कडेनं भरत येते आहे.

रांगेत ती आजही आहे, तोंडही तेच. मात्र नवीन माणूस आलं की कागद बघायच्या आधी ती विचारते, "पाहणी आली तेव्हा घरी कोण होतं? काय सांगितलं त्यांनी?" ठाऊक नाही असं कुणी म्हणालं की आधी घरी विचारून ये म्हणून त्याला आल्या पावली परत पाठवते.

तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस कुठल्या विम्यात, कुठल्या गटात, कुणाच्या नावावर आहे, तो कागद आज काढा आणि त्याच्याजवळ बसून मोठ्यानं वाचा. चुकीचा असेल तर उद्याच रांगेत उभे राहा. आणि ‘जेवलीस का’ असं नुसतं विचारू नका. झाकण काढून भांडं बघा.