कोरी बाटली आणि मॅडमची मांडी

आमच्या मॅडमइतका पाण्यावर संशय घेणारा आणि त्याच पाण्यावर इतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरा नसेल. मी काही अख्खा जिल्हा पाहिलेला नाही, त्यामुळे हे जरा घाबरतच लिहिते आहे; पण लग्नाच्या मांडवात पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत वाकलेल्या मॅडम ज्यांनी पाहिल्या असतील, ते माझ्या बाजूने बोलतील. मॅडम आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या, आणि तापीच्या फुगवट्यात, म्हणजे धरणामुळे नदी मागे तुंबून जे मोठं पाणी झालंय त्यात, शेतातली कीटकनाशकं किती उतरतात याचं संशोधन करायच्या. त्या फुगवट्याच्या काठावर आमचं गाव. बाबा तिथे मासे धरतात. घरात कॉलेजचा उंबरा ओलांडलेली मी पहिलीच, त्यामुळे मॅडमनी 'माझ्याबरोबर नमुने घ्यायला येशील का' असं विचारलं तेव्हा नमुना म्हणजे काय हेही न विचारता मी हो म्हणाले.

नमुना म्हणजे बाटलीभर पाणी. पण मॅडम ते असं घ्यायच्या, जणू देवाला आंघोळ घालताहेत. साडी खोचून गुडघाभर पाण्यात शिरायचं, वाहत्या पाण्याकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणजे आपल्याच पायाने ढवळलेला गाळ बाटलीत येत नाही. ही सवय त्यांच्या इतकी अंगी मुरली होती की कॉलेजच्या ऑफिसातल्या रांगेतही त्या वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहत, आणि मागचा माणूस आपण पाठ कुणाकडे करायची या विचारात पडे. तपकिरी काचेच्या बाटल्या त्या मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत, बर्फात ठेवत. मॅडमच्या घरी सगळे माळकरी, घरात अंडंसुद्धा चालत नाही, आणि त्यांच्या पेटीला मात्र बोंबलाचा कायमचा वास. बसमध्ये शेजारच्या बाया पदर नाकाला लावत, आणि मॅडम त्यांना कौतुकाने सांगत की पेटी फार चांगली आहे, गार राहते.

पेटीत एक बाटली वेगळी असायची. तिच्यात कॉलेजमधून भरून नेलेलं शुद्ध पाणी. ती नदीवर न्यायची, तिथे क्षणभर उघडायची, बंद करायची आणि तशीच परत आणायची. मला हा वेडेपणा वाटला. शुद्ध पाण्याला नदी दाखवून आणायची म्हणजे काय? मॅडम म्हणाल्या, ही कोरी बाटली. तिच्यात काही सापडलं तर समजायचं की घाण नदीची नाही, आपली आहे.

आणखी एक सवय सांगायलाच हवी. चिंचपाड्याहून आत येणाऱ्या जीपमध्ये गर्दी असते, आणि मॅडमना कुणाला उभं बघवत नसे. त्या सगळ्यांचं सामान मांडीवर घ्यायच्या. कुणाचं पोर, कुणाची कोंबडी, कुणाच्या भाकरीचं गाठोडं. एकदा एक बकरीचं पिल्लू त्यांच्या मांडीवर असं गाढ झोपलं की त्याची मालकीण उतरताना म्हणाली, राहू द्या बाई, पुढच्या बाजारी नेते.

मग एका वर्षी काठाला मेलेले मासे लागले. थोडेच होते, पण बातमी आमच्या मासळीच्या आधी नवापूरच्या बाजारात पोचली. व्यापारी आमच्या गावची मासळी घेईनात. बाबांनी होडी काठावर पालथी घातली आणि रोज जाऊन तिच्याशेजारी बसू लागले. मॅडम दुसऱ्याच दिवशी पेटी घेऊन हजर. गावकऱ्यांनी त्यांना घेरलं. आमची म्हातारी आत्या म्हणाली, "तू तर मासा खात नाहीस, तुला काय कळणार?" मॅडम म्हणाल्या, "म्हणून तर विचारते आहे, आत्या."

बाटल्या तपासायला विद्यापीठात गेल्या होत्या; तिथून अहवाल आला आणि कॉलेजात धावपळ उडाली. प्रत्येक बाटलीत कीटकनाशक! सर लोक मॅडमचं अभिनंदन करायला लागले, एवढा मोठा शोध. बाबांना काय सांगू? मॅडम मात्र कागदावर बोट ठेवून एकाच ओळीकडे बघत होत्या. ती ओळ कोऱ्या बाटलीची होती. तिच्यातही तेच औषध. मॅडम मनातलं बोलायला लागल्या की अहिराणीवर जात, तशा आत्ता हळूच म्हणाल्या, "हाई कोरी नही निंघनी, पोरी."

मग त्यांनी स्वतःच्या मांडीकडे पाहिलं. मलाही आठवलं. त्या दिवशी जीपमध्ये एका शेतकऱ्याचा फवारणीच्या औषधाचा डबा त्यांनी मांडीवर घेतला होता. डबा झिरपत होता. त्याच हातांनी त्यांनी सगळ्या बाटल्या उघडल्या होत्या.

त्या गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी आमच्या गावात, पालथ्या होडीपाशी सगळ्यांना जमवून त्या म्हणाल्या, "चूक पानीनी नही, मन्ही शे. मी पुन्हा तपासते, तोवर थांबा." आत्या हसली आणि तिने त्यांना बसायला जागा केली.

पुन्हा नमुने घ्यायला त्या मुख्य रस्त्यापासून पेटी उचलून चालत आल्या. वाटेत जीपवाल्याने हाक मारली, तर "परतताना बसेन" म्हणाल्या. या वेळी कोरी बाटली कोरी निघाली. फुगवट्याचं खोल पाणी स्वच्छ निघालं, मासेही. औषध सापडलं ते फक्त एका नाल्याच्या तोंडाशी, जिथे लोक फवारणीचे पंप धूत; मासे मेले तेही तिथेच. तेव्हापासून पंप शेतातच धुतात. पण व्यापाऱ्यांना पटवायचं कसं? ते मॅडमनी केलं. बाबांनी धरलेला मोठा कटला मासा त्यांनी शेपटीला धरून अंगापासून हातभर लांब लटकवला, आणि त्या माळकरी बाई नवापूरच्या भर बाजारातून, कुठल्या पाण्यातला आहे ते प्रत्येकाला सांगत, ताठ मानेने चालत गेल्या. डोळे मात्र जवळजवळ मिटलेले होते. संध्याकाळपर्यंत बाबांची पाटी रिकामी झाली होती.

आता मॅडम तापी समुद्राला मिळते तिकडे गेल्या आहेत, खाडीचं पाणी तपासायला. फोन क्वचित येतो. परवा धरणाचे दरवाजे उघडल्यावर आला होता. नमस्कार नाही, काही नाही, एकदम म्हणाल्या, "तुन्हा गावनं पानी उनं आठे." आमच्या गावचं पाणी तिथे, त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

नमुने आता मी घेते. जीपमध्ये कोरी बाटली मांडीवर धरून बसते. कुणी गाठोडं पुढे केलं की मला फार वाईट वाटतं, आणि मी सांगते, परतताना द्या, परतताना नक्की घेईन. परतताना माझी मांडी कधी रिकामी नसते.