सुपडूने नकाशाची वीण पारखली

आमचा सुपडू जन्मभर कापड पारखत आला. सिंधीपुऱ्यात घर आणि पावरलूमच्या कारखान्यात तपासनिसाचं काम. मागावरून उतरलेल्या कापडावर भिंग ठेवायचं, धागे मोजायचे, अंगठ्याने दाबून बघायचं आणि निकाल द्यायचा, "घट्ट हाय, जाऊ द्या," नाहीतर "विरळ हाय, मागं घ्या." ही सवय अंगात इतकी मुरली की पंगतीत पोळी वाढली तरी आधी उजेडात धरून बघायचा. स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा गडी अंतरपाटाचे धागे मोजत होता. भटजी 'सावधान' म्हणाले ते यालाच उद्देशून, असं त्याची बायको, मालूवहिनी, अजून सांगतात.

तर या सुपडूवर एकदा मोठा बाका प्रसंग आला. मोबाईल नुकते घराघरात शिरले होते, त्या सुमाराची गोष्ट.

आम्हा भाऊबंदांची देवी खडकाईमाय. तुकईथडच्या पुढे डोंगरात तिचं ठाणं. दरसाल सगळ्यांनी मिळून पायी जायचं, वर वरण-बट्टीचा नैवेद्य करायचा, आणि वर्षात जे पोर जन्मलं असेल त्याचं जावळ तिथेच काढायचं. सगळ्यांच्या पुढे निशाण चालतं. निशाण म्हणजे वेळूच्या काठीला बांधलेला भगवा. एकदा उचललं की देवीला टेकवल्याशिवाय मागे वळवायचं नाही, हा आमच्याकडचा कडक नेम. ज्याच्या हातात निशाण त्याने वाट दाखवायची. आधी हा मान घराण्यातल्या सगळ्यात वडील कडूआबांचा होता. आबा डोळे मिटून चालत आणि नेमके पोचत. आबा गेले आणि निशाण आलं थोरल्या घरच्या सुपडूकडे. सुपडू डोळे उघडे ठेवून चालला आणि पहिल्याच साली चुकला.

चुकला तो असा चुकला, की आम्ही भलत्याच डोंगरावर भलत्याच देवापुढे बट्ट्या खाऊन, दोन पोरांची जावळं काढून परत आलो! कोणाचा देव होता कोण जाणे. फुकटचा नैवेद्य मिळाला म्हणून त्याची काही तक्रार नव्हती. तक्रार होती रंभाकाकूंची. घराण्यात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. त्या म्हणाल्या, "सुपड्या, एक बारी माफ. पुढल्या साली चुकला तर निशाण निंबाकडं."

निंबा म्हणजे काकूंचाच मुलगा, सुपडूचा चुलतभाऊ, तुकईथडचा केळीवाला. त्याने त्या दिवसापासून निशाणासाठी नवा वेळू तोडून सावलीत वाळत घातला. त्यात पुढल्या साली जावळ होतं सुपडूच्याच नातवाचं, गोटूचं. म्हणजे हरायचं ते सगळ्यांसमोर आणि नातू कडेवर घेऊन.

सुपडूचा मुलगा दिगंबर, गोटूचा बाप, पुण्याला नोकरीला. सुट्टीच्या दिवशी ऑफिसच्या मंडळींबरोबर किल्ले चढतो. त्याला जावळाला यायला रजा मिळेना, म्हणून बापाची काळजी ओळखून त्याने आपलं जुनं जीपीएस यंत्र पाठवलं. मुठीत मावेल एवढं पिवळं डबडं. आपण कुठे उभे आहोत ते आकाशातल्या उपग्रहांना विचारून सांगतं. पण ते दाखवणार कशावर? त्यासाठी आत नकाशा भरावा लागतो. म्हणून सुपडू मला घेऊन नंदकुमारच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला.

नंदकुमारने पडद्यावर पहिला नकाशा लावला. "काका, हा मोटारवाल्यांचा. सगळे रस्ते आहेत. वळण आलं की बोलतो पण."

"आन् डोंगर?"

"डोंगरावर मोटार कुठं जाते, काका?"

सुपडूने खिशातून भिंग काढलं आणि पडद्याला लावलं. "कोरा कपडा. दुसरा दाखव."

"हा फुकटचा. लोकच मिळून काढतात. ज्याला जे मालूम, तो ते टाकतो."

त्यात तापी होती, रेल्वे होती, जैनाबाद होतं, कोणीतरी हौसेने आपल्या मामाची पिठाची गिरणीही टाकली होती. पण डोंगराच्या वाटेवरच्या खकनारच्या पुढे जगात कोणाला काही मालूम नव्हतं. सगळं पांढरं.

"ह्याला तर भोकं पडलेली हायेत," सुपडू म्हणाला. "पुढं."

तिसरा लावला आणि सुपडूचा चेहरा उजळला. डोंगरच्या डोंगर तपकिरी रेघांनी भरलेले. कुठे रेघा मोकळ्या, कुठे एकमेकींना चिकटलेल्या. मध्ये ओढे, पाऊलवाटा, आणि माथ्यावर रेघांचं शेवटचं कडं मिटलेलं.

"हा उंचीच्या रेघांचा. पायी फिरणारे हाच घेतात. काका, आता ही एकेक रेघ म्हणजे..."

"तू मला रेघा शिकवतो का रे भो? तू जन्मला नव्हता तवापासून मोजतोय. वा! काय माल हाय! हाच भर."

नंदकुमारने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मला तरी कुठे काय कळत होतं? खडकाईमायचा डोंगर ओळखण्यात मात्र चूक झाली नाही. दोन ओढ्यांच्या मधला तो, हे लहानपणापासून ऐकलेलं. सुपडूने त्याच्या माथ्यावर खूण करून घेतली आणि छाती काढून दुकानाबाहेर पडला.

ठरल्या दिवशी तुकईथडहून आम्ही निघालो. पुढे सुपडू, एका हातात निशाण, एका हातात यंत्र. बाण बरोबर, ओढे बरोबर, डोंगरही बरोबर. निंबाचं तोंड उतरत चाललं होतं. पायथ्याशी दोन वाटा फुटल्या. डावी लांबून वळसा घेणारी, उजवी सरळ झाडीत शिरणारी. सुपडूने भिंग लावलं.

"डावीकडं वीण विरळ. गाळणीवाणी. पाय ठेवला का फाटली! उजवीकडं बघा कशी घट्ट हाय. मजबूत जमीन. चला!"

आम्ही चाललो. थोड्या वेळाने चालणं संपलं आणि चढणं सुरू झालं. मग चढणंही संपलं आणि लोंबकळणं सुरू झालं. बट्टीच्या पिठाची गोणी दोरीने ओढत होतो. गोटूला त्याच्या आईच्या पाठीशी लुगड्याने बांधलं होतं आणि सगळ्या ताफ्यात तो एकटाच हसत होता.

खालून रंभाकाकू ओरडल्या, "सुपड्या, ही वाट हाय का भिंत?"

"काकू, जरा घट्ट हाय!"

निंबाला तर प्रत्येक घसरणीबरोबर नवं बळ येत होतं. "माय, चल, खाली उतरू. मी नेतो डावीकडून."

"आन् निशाण मागं वळवू? जीभ झडंल तुझी."

वर जाता येईना, खाली उतरायची सोय नाही. सुपडू एका बाभळीच्या बुंध्याला मिठी मारून यंत्राकडे बघत राहिला. मग त्याने समोरचा कडा पाहिला. परत यंत्र पाहिलं. आणि एकदम असा हसला की मला वाटलं, गेला कामातून.

"अरे भो, उलटं हाय! जितक्या रेघा जवळ, तितका चढ उभा! मी सगळ्यांना डोंगरावरच्या सगळ्यात घट्ट मालावर चढवलं!"

"आता कळलं?" निंबा म्हणाला.

"आता कळलं ना! म्हणजे रेघ तोडत गेलं तर चढ. पण एकाच रेघेवरून चालत राहिलं तर? ना वर, ना खाली! सगळे एक धागा धरा आन् माझ्यामागं आडवे चला. निशाण पुढंच जातंय, मागं नाही."

आणि खरंच, झाडांना धरत, कडेकडेने आम्ही डोंगराला आडवे वळलो. सुपडू यंत्रात नाक घालून चालत होता. बाण रेघेच्या खाली गेला की "वर सरका," वर गेला की "उतरा जरा." बघता बघता पायाखालचा उतार नरम झाला, रेघा मोकळ्या झाल्या, आणि तिथून आम्ही माणसासारखे, दोन पायांवर, माथ्यावर पोचलो. समोर शेंदूर माखलेली खडकाईमाय. रंभाकाकूंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "आपलीच हाय."

सुपडूने निशाण टेकवलं.

गोटूचं जावळ निघालं, बट्ट्या भाजल्या. पण निंबा कसला गप्प बसतो? तोंडात घास असतानाच म्हणाला, "माय, बोलली होती तू. चुकला तर निशाण माझ्याकडं. सगळ्यांसमोर चुकला हा."

सगळे जेवायचे थांबले. सुपडूने ताट खाली ठेवलं.

रंभाकाकूंनी आधी गुडघा चोळला. "चुकला तर खरा," त्या म्हणाल्या. "पण मागल्या साली परक्या डोंगरावर चुकला होता. औंदा आपल्याच डोंगरावर चुकला. पोरगा सुधारतोय. निशाण राहू दे त्याच्याकडंच."

साठीला टेकलेला तो पोरगा लाजून लाल झाला. मग त्याने आधी निंबाच्या वरणात तुपाची धार सोडली, इतकी, की निंबाला बोलायला जागाच राहिली नाही.