गंगीबाईचं तोंड आणि पाकिटावरचा आकडा

गंगी माझी चुलत जाऊ. नवापूरच्या बाजारात गोणपाट टाकून ती सुकट, बोंबील विकते, ते मी या घरात सून म्हणून आले त्याच्याही आधीपासून. माल सुरतेकडून येतो. तो घरी आणायचा, सुपात घालून पाखडायचा, रेती, शिंपले, कचरा काढायचा आणि मगच पाटीत भरायचा, हा तिचा नेम. त्या वासाचं काय सांगू? रविवारी चर्चमध्ये आधी वास येतो, मग गंगी येते. पाळकसाहेब काही बोलत नाहीत, तेही तिचंच गिऱ्हाईक.

तिची आरोळी अख्ख्या बाजाराला पाठ आहे. "घ्या गं बायांनो सुकट, म्हातारा खाईल तर ताडावर चढेल!" तिचा म्हातारा इसहाक जन्मभर तीच सुकट खातोय आणि आता त्याला खाटेवर चढवायला दोन माणसं लागतात. हेही सगळ्यांना ठाऊक. बाया म्हणतात, आधी तुझा चढवून दाखव. हसतात, भाव पाडतात, घेऊन जातात.

मागल्या उन्हाळ्यात किराणावाल्या चुनीलालशेठच्या दुकानातला माणूस येऊन तिचा फोटो काढून गेला. पेपरात येईल म्हणाला. गंगीने पदर सारखा केला, दात नाहीत म्हणून ओठ मिटून बसली. पेपरात काही आलं नाही, आम्हीही विसरून गेलो.

पावसाळा लागल्यावर माझी नातसून ग्रेसी एक चकचकीत पाकीट घेऊन आली. वर लिहिलेलं, 'गंगीआजीची सुकट पावडर, हाय प्रोटीन'. खाली आमची गंगी, ओठ मिटलेली. ग्रेसीला वाटलं, आजीने धंदा वाढवला आणि घरात कोणाला सांगितलं नाही. मलाही तसंच वाटलं. जरा रागही आला, खोटं कशाला बोलू.

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांचा तक्ता. ग्रेसीने वाचून दाखवला, प्रोटीन पंच्याहत्तर. माझा पणतू तेव्हा नुकता अंगावरचं दूध सुटलेला, काटकुळा. त्या आकड्याने ग्रेसीचा जीव भांड्यात पडला. सकाळ-संध्याकाळ भातात एकेक चमचा पावडर, की झालं. अंडं बंद, डाळीचं पाणीही बंद. मी म्हटलं, अगं डाळ तरी घाल. तर म्हणाली, "आजी, यात डाळीच्या तिप्पट आहे. छापलंय ना." छापलंय म्हटल्यावर मी गप्प. मी चौथी नापास बाई, छापलेल्याशी कशी भांडू?

पोरगा दिवसभर पाणी मागायचा आणि ताट लोटून द्यायचा. अंगणवाडीत वजन केलं तर काटा होता तिथेच. पुढच्या महिन्यात आणखी खाली. अंगणवाडीच्या ताईने पाकीट मागवून घेतलं आणि कपाळाला हात लावला. हा आकडा शंभर ग्रॅमचा आहे, म्हणाली, चमच्यात मावते किती? आणि एवढं खारट घातल्यावर लेकरू जेवेल कसं? शिवाय हा आकडा तरी खरा कशावरून, तेही तिला सांगता येईना.

ग्रेसी पोराला काखेत घेऊन तशीच बाजारात आली. मी गंगीजवळच बसले होते. चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत तिने पाकीट गोणपाटावर टाकलं.

"आकडा मला कळत नव्हता, गंगीआजी. तुमचं तोंड बघून घेतलं मी."

गंगीने पाकीट उचललं, फिरवलं, स्वतःकडे बघितलं. मग चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली आणि बाजूला थुंकली. दाताखाली नाही, तिच्या हिरड्यांखाली रेती आली. या बाईने सगळी हयात रेती पाखडण्यात घालवली आणि तिच्या तोंडाच्या चित्राखाली ती रेती लेकरांना चारत होते! तिने भर बाजारात पाटीवर फडकं टाकलं आणि मला म्हणाली, चल. ग्रेसीही पोराला घेऊन आमच्या मागोमाग शेठच्या दुकानात आली.

चुनीलालशेठने खुर्ची दिली, चहा सांगितला. गंगी बसली नाही. हा आकडा कोणी मोजला, एवढंच तिने विचारलं. शेठ हसत म्हणाला, माँजी, मोजतं कोण? छापखान्यात दुसऱ्या पाकिटाचा तयार होता, तोच लावला, सगळे असंच करतात. माझं डोकं असं भणभणलं! दुसऱ्या पाकिटाचा म्हणजे कशाचा? त्यालाही माहीत नव्हतं. सोयाबीनचा असेल, म्हणाला. रेतीचा असेल, मी म्हणाले.

तेव्हा त्याने आपला हुकमाचा पत्ता काढला. "माँजी, तुम्ही नाही बाजारात ओरडत, म्हातारा ताडावर चढेल? मी तेच आकड्यात लिहिलं."

मला वाटलं, आता गंगी गार झाली.

गंगी म्हणाली, "मी ओरडते तेव्हा बाई माझ्या तोंडाकडे बघून हसते. तुझ्या आकड्याकडे बघून कोण हसलं, सांग. ही पोरगी हसली नाही. तिने लेकराची डाळ बंद केली."

शेठचा चहा आला, तो त्यालाच प्यावा लागला. मग तो नरम आला. फोटोवर उद्याच चिकटपट्टी लावतो, पुढच्या छपाईत फोटो नसेल, म्हणाला. आकड्याचं मात्र आपल्या हातात नाही, आकडा नसला तर पाकीट खपत नाही. किती सरळ सांगितलं बघा! तोंड काढायला तयार, खोटं काढायला नाही.

मी म्हटलं, चला, निदान फोटो तरी गेला. गंगी दारातून मागे वळली.

"माझं तोंड काढू नको. आधी आकडा काढ. तोवर राहू दे मला तिथे. नाहीतर बाया विचारायला जातील कोणाकडे?"

वाटेत मी तिच्यावर चिडले. फुकट शिव्या खाशील, धंदा बसेल, म्हटलं. ती सरळ बाजारात आली, गोणपाटावर बसली आणि आधी ग्रेसीच्या पोराला मांडीवर घेतलं.

आकडा अजून गेलेला नाही. मी मुद्दाम दुकानापुढून जाते, ती पाकिटं अजून दोरीला लटकलेली आहेत. दर बाजाराला एखादी तरी बाई पाकीट घेऊन येते. कोणी शिव्या देते, कोणी नुसतं विचारते. परवा रनाळ्याकडची एक आली, कडेवर मूल.

"आजी, हाऊ तुन्हाच फोटो शे ना? हाई खरं शे का?"

गंगीने पाकीट तिच्यासमोर गोणपाटावर ओतलं, बोटाने पसरलं, रेती दाखवली. फोटो माझा, माल माझा नाही, म्हणाली. आत किती ताकद आहे ते मला माहीत नाही बाई, कोणी मोजलेलंच नाही. लेकराला डाळ दे, अंडं दे. सुकट आवडत असेल तर चांगली धुऊन, आधी भिजवून, थोडी दे.

बाई म्हणाली, मग तुझ्या पाटीतल्या सुकटीत किती ताकद आहे?

"तेही माहीत नाही," गंगी म्हणाली, आणि तिच्यासाठी पाव किलो तोलायला घेतली.