चिनी पेज

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओमानमधल्या इब्राच्या आमच्या कॅम्पमध्ये नुकताच चहा ओतून घेतला होता. ते आमचे आचारी; सुट्टीवर मालवणला गेले होते, तिथे झोपेतच गेले. याला दोन महिने झाले, तरी तो चहा मी प्यायलो की नाही ते आठवत नाही...

रस्त्याच्या कामावर चिनी इंजिनियर आले आणि त्यांची न्याहारी तात्यांच्या गळ्यात पडली. मोबाइलवर चिनी तांदळाच्या कांजीचा व्हिडिओ बघून तात्या हसले, "ही तर आमची पेज!" आणि पेजेसारखीच, शितं अख्खी ठेवून केली. वयस्कर चेन साहेबांनी दोन बोटांत शीत चिरडून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून तात्या पहाटे तांदूळ चढवत, शीत विरघळेपर्यंत पळी फिरवत. मग आलं, कोंबडीचे धागे, वर कांद्याची पात आणि सोया सॉस. चाखत मात्र कधीच नसत. पातेल्याशी कान नेऊन उभे राहत. "आता जड आवाजात बोलाक लागली," म्हणत गॅस बंद करत, आणि पेज सायीसारखी उतरे! मी स्टोअरकीपर, स्वयंपाकातलं मला ओ की ठो कळत नाही, पण बघत राहायचो.

एकदा चेन साहेबांनी अर्धी वाटी टाकली. मी चाखली, तर नुसतं मीठ! सोया सॉस मुळातच खारट, त्यात त्या दिवशी तात्यांनी पेजेच्या सवयीने वर मीठही घातलेलं.

"तात्या, चाखली नव्हतीत का?"

त्यांनी आधी दार लोटलं. "माका चव कळना नाय रे. तीन वर्सांमागे मोठो ताप इललो, त्यात वासय गेलो. कोणाक सांगा नको, नोकरी जायत."

चव नाही, वास नाही, आणि हा माणूस तीन वर्षं नुसत्या कानांवर सगळ्या कॅम्पला जेवू घालत होता!  

त्यानंतर रोज सकाळी त्यांचा चमचा माझ्यापुढे यायचा. मी "बरोबर आहे, तात्या" म्हटलं की ते इथल्या अरबीत "खलास!", म्हणजे झालं, म्हणून झाकण ठेवायचे. कोणाला शेवटपर्यंत कळलं नाही.

नवा आचारी येईपर्यंत ती पेज मीच करतो. कान लावून बघतो, पण मला काही ऐकू येत नाही; चाखूनच ठरवावं लागतं. मीठ जमलं की सवयीने तोंडातून निघतंच, "बरोबर आहे, तात्या."

मग त्या "खलास!"ची वाट बघतो, आणि झाकण मीच ठेवतो.