नरसी नामदेवमधली मोकळी जागा

दोन हजार सालानंतर काही वर्षं मी हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, एका अडतीवर कामाला होतो. मालक दिवसभर गादीवरून ओरडायचे, "अमक्या गावची हळद किती आली रे?" मी कॉम्प्युटरमध्ये शोधून सांगायचो. त्या ओरडण्याला विटून मी नुकत्याच शिकलेल्या पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. प्रोग्रामच्या नावापुढे इंग्रजी अक्षरांत गावाचं नाव टाइप करायचं, एंटर दाबायचं, की आवक समोर. म्हटलं, आता मालक स्वतःच बघतील.

डोंगरकडा बराबर आलं. नरसी नामदेव टाकलं, तर 'असं गाव नाही'.

"काहून येऊन न्हाई राहिलं?" मालक चिडले.

उन्हाळ्याची दुपार होती, लाइट सारखी जात होती आणि मी डोकं धरून बसलो होतो. संध्याकाळी उलगडा झाला. मधल्या मोकळ्या जागेवर नावाचे दोन तुकडे पडत होते आणि माझा प्रोग्राम फक्त पहिला उचलत होता. तुकडे एकत्र राहावेत म्हणून नावाला अवतरणचिन्हं लावा म्हणालो, तर मालक म्हणाले, "गावाच्या नावाला कोण चिन्हं लावतं?" शेवटी मीच सगळे तुकडे जोडून घेणारी एक ओळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी मालकांनी एकेक अक्षर शोधत सावकाश टाइप केलं: नरसी नामदेवची हळद किती आली रे.

'असं गाव नाही.'

मालक उठले, गादीवर जाऊन बसले आणि तिथून ओरडले, "नरसीची हळद किती आली रे?"

मी सांगितली.