धाकट्याची पाळी

सगळे आल्याशिवाय सुधाकर आम्हांला जेवू द्यायचा नाही. शुक्रवारी दुपारी, कुवेतमधल्या जलीब वस्तीतल्या आमच्या खोलीत, मी शर्कच्या मासळी बाजारातून आणलेल्या सुरमईचं कालवण करायचो. खुबूस, म्हणजे इथल्या रोट्या, गरम असायचे आणि हा बाबा पातेल्यावर झाकण धरून विचारायचा, "समदे आले का? कोण ऱ्हायलंय?" कोणीतरी हटकून राहिलेला असायचाच. मग पोटात कावळे ओरडेपर्यंत त्याची वाट पाहायची. मी रत्नागिरीकडचा, माशापुढे देवालाही थांबवणारा. सुधाकरला शिव्या घालत बसायचो.

तो नगरकडचा ख्रिस्ती, एसी मेकॅनिक, तीन भावांत धाकटा. चाळिशी आली तरी घरी त्याला बारक्याच म्हणत. त्याच्या ह्या हट्टामागे दाविदाची गोष्ट होती. शमुवेल संदेष्टा इशायाच्या घरी राजा निवडायला आला, तेव्हा बापाने सात मुलगे पुढे उभे केले आणि धाकट्याला रानात मेंढरांमागेच ठेवलं. "इसरला नव्हता बरं का," सुधाकर सांगायचा, "बापानं त्याला धरलंच नव्हतं. शमुवेल म्हनला, त्यो येईस्तोवर जेवायला बसायचं न्हाय. तवा कुठं बोलावनं गेलं." हे सांगताना तो कधी हसायचा नाही.

त्याच्याही घरी तेच. थोरल्याला शिकवलं, मधल्याला दुकान काढून दिलं आणि बारक्या समजूतदार आहे म्हणून त्याला कुवेतला धाडलं. समजूतदार म्हटलं की पोराला वेगळं काही द्यावं लागत नाही. दर शुक्रवारी घरी फोन करायचा तो हाच. तिकडून फारसा कधी येत नसे.

यंदा उन्हाळ्यात वडील अंथरुणाला खिळले. "येऊ नको, आशीर्वाद फोनवरच घे," असं थोरल्याने कळवलं. डोक्यावर वडिलांचा हात, एवढंच त्याला जन्मभर हवं होतं. ठरलेल्या दुपारी त्याने व्हिडिओ कॉल लावून फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि डोक्यावरची टोपी काढली. पडद्यावर थोरला वाकला, वडिलांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मग मधला वाकला. म्हाताऱ्याचा हात थरथरत होता. इकडे सुधाकरने मान खाली घातली. तिकडून सगळ्यांचं "आमेन" ऐकू आलं, क्षणभर छत दिसलं आणि फोन बंद झाला.

मला त्या भावांचा असा संताप आला! "लाव परत," मी म्हटलं. "माझं राहिलंय, म्हणून सांग त्यांना."

"न्हाय, भाऊ. दाविदानं मागितलं नव्हतं, त्याला बोलावलं होतं. मागून घेतला त्यो कसला आशीर्वाद?" मान त्याने वर केलीच नाही. "पप्पांचा हात भरून आला आसंल. जरा दम खाऊ द्या त्यांना."

वडील संध्याकाळी गेले. तोवर फोन वाजला नाही, आणि तोही फोनसमोरून उठला नाही.