चिंचेखाली न बसणारी बाई

ब्राह्मणपुरीच्या शाळेत मी रुजू झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दिवस साठ सालाच्या आगेमागेचे. भल्या पहाटे मी ओट्यावर चूळ भरत उभी होते, तोच समोरच्या गाडरस्त्याने पांढऱ्या लुगड्यातली एक जाडजूड बाई कासोटा खोचून, वहाणा हातात धरून धापा टाकत पळत आली. शेजारी दातण चावत बसलेल्या म्हाताऱ्याने हाळी दिली, "काय वं नर्सबाई, मांगे कोन लागनं?" बाई थांबल्या नाहीत. पळता पळताच म्हणाल्या, "मांगे कोनी नही, बाबा. पुढे कोन तरी वाट दखी ऱ्हायनं."

म्हातारा हसला आणि मीही हसले. ते हसणं मला पुढे बरेच दिवस बोचत राहिलं.

त्या वेणूबाई. सरकारी दवाखान्याच्या नर्स, मूळच्या नंदुरबारच्या, चाळिशी गाठलेल्या, विधवा. मूलबाळ नव्हतं. ज्या गुजर शेतकऱ्याच्या घरी मला खोली मिळाली होती, त्याच घरात पलीकडची खोली त्यांची. मी त्यांना अक्का म्हणू लागले. अक्कांचा आवाज मोठा, हात त्याहून मोठे, आणि खाण्याची भारी हौस. कळण्याची भाकरी आणि ठेचा समोर आला की दुनिया बुडाली तरी त्यांना पर्वा नसे. अशा बाईला पहाटे पळायची अवदसा कुठून आठवली, हे मला कळेना. सगळं गाव हसत होतं. बायका पदराआड हसत आणि बाप्ये तोंडावर.

चारच दिवसांत अक्का खाटेवर आडव्या झाल्या. घोटा सुजून टम्म, छातीत कळ, वर ओकाऱ्या. मी तेल कोमट करून घोट्याला चोळत होते, तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं.

मी गावात येण्याच्या थोडंच आधी, कपाशीच्या हंगामात, नदीकडच्या मळ्यातून बोलावणं आलं होतं. हिरा नावाची पहिलटकरीण अडली होती. गावातल्या झाडून साऱ्या बैलगाड्या कपाशी घेऊन शहाद्याला गेलेल्या. अक्का भर दुपारी पायीच निघाल्या. ऊन, चिखल वाळून झालेली ढेकळं आणि हे असं अवजड शरीर. निम्म्या वाटेवर एक मोठी चिंच आहे. तिच्याखाली त्या दम खायला बसल्या, पाणी प्यायल्या, पदराने वारा घेतला. मळ्यात पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. मूल गेलेलं जन्माला आलं होतं आणि बाप्यांनी ते फडक्यात गुंडाळून नेलंही होतं. हिरा भिंतीकडे तोंड करून पडली होती. सासू एवढंच म्हणाली, "जरासं पहिले येतीस ते..."

"मी बठनू, वं," अक्का म्हणाल्या. "तठे पोर मरी ऱ्हायनं, न मी आठे चिंचना सावलीमा बठनू." आणि एवढ्या मोठ्या आवाजाची ती बाई उशीत तोंड खुपसून रडली.

त्या रडत होत्या आणि मी घोटा चोळत होते. अक्का पळत होत्या ती स्वतःला दिलेली शिक्षा होती, हे तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं. शिक्षा म्हटल्यावर सोसण्याचा हिशोब कोण करतो? म्हणून तर त्या पहिल्याच दिवशी ऊर फुटेस्तोवर पळाल्या होत्या.

बाळंतिणीला भेटायला गेलं की अक्कांचं एक ठरलेलं वाक्य असे: "आज खाटलापाईन दारपर्यंत. सकाय दारपाईन आंगनापर्यंत. घाई कयी का पडशी." बाळंतीण उठायची घाई करू लागली की हे वाक्य आणि नुसतीच लोळत राहिली तरी हेच वाक्य. सूज उतरल्यावर अक्का पुन्हा वहाणा हातात घेऊन निघाल्या, तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले आणि तेच त्यांना ऐकवलं. "अक्का, आज खाटेपासून दारापर्यंत."

त्यांनी डोळे वटारले. मग हसू आलं त्यांना. "मन्हंच औषध माले पाजस का वं?" म्हणाल्या. "मंग तू बी चाल. एकलीले लोक हसतस."

अशी मीही पळू लागले. गाडरस्त्याच्या कडेने बाभळी होत्या. एका बाभळीपर्यंत पळायचं, पुढच्या बाभळीपर्यंत चालायचं. ते अंगवळणी पडलं, घास गिळावा इतकं सोपं वाटू लागलं, की मगच पळायला आणखी एक बाभूळ घ्यायची. बाजारच्या दिवशी पायांना सुट्टी. आणि अक्कांचा सगळ्यात मोठा नियम म्हणजे, "जितलं बोलता ई, तितलंच पयनं." त्यामुळे आम्ही पळताना अखंड बोलत असू. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या केळीला किती घड लागले, माझ्या वर्गातली पोरं कशी पळून जातात. बोलताना धाप लागली की पाय आपोआप मंदावत. बुटांची खरेदीही त्याच दिवसांतली. शहाद्याच्या मारवाडी शेठने कॅनव्हासचे बूट काढत विचारलं, "पोऱ्याले का?" अक्का म्हणाल्या, "पोऱ्याले नही, माले. मोठा दखाडा." शेठच्या हातातून बूट पडायचाच बाकी राहिला.

दोन पावसाळे गेले. गावाने हसायचं सोडून दिलं, कारण रोजच्या गोष्टीला कोण किती हसणार? आम्ही आता चिंचेपर्यंत न थांबता जाऊ लागलो होतो. खरं सांगते, मला त्या सकाळी फार आवडायच्या. थंडीत दादर ज्वारीच्या शेतांवर धुकं असायचं, लांब सातपुडा निळा दिसायचा, अंग हलकं वाटायचं. आणि मग एकदम आठवायचं, की हे सुख एका मेलेल्या लेकराच्या वाटेवर उगवलंय. लाज वाटायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मी जायचेच.

चिंचेखाली मात्र अक्का कधी टेकल्या नाहीत. चिंचेला हात लावायचा आणि तसंच मागे फिरायचं. एकदा पायात काटा गेला म्हणून मी तिच्या मुळावर बसले, तर त्या मला सोडून एकट्या परत निघाल्या. दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्या वर्षीच्या कपाशीच्या हंगामात पुन्हा मळ्यातून माणूस धावत आला. हिराच. पुन्हा अडलेली. पुन्हा गावात एक गाडी नाही. शाळा सुटली होती, म्हणून अक्कांची पेटी मी घेतली. अक्का निघाल्या त्या आपल्या रोजच्या चालीने, बाभळीमागून बाभूळ टाकत. घाई मलाच झाली होती. मी "लवकर, लवकर" म्हणत होते आणि त्या म्हणत होत्या, "बोलत ऱ्हाय." चिंच आली आणि मागे पडली. पोचलो तेव्हा अक्का धापा न टाकता थेट कामाला लागल्या. मूल पायाळू होतं. अंधार पडायच्या आत आंडेर, म्हणजे मुलगी, झाली आणि जन्मताच तिने घर डोक्यावर घेतलं.

सासू गूळ आणायला गेली, तेव्हा हिराने अक्कांचा हात धरला. "बाई, एक सांगू? ते पहिलं पोर... तुम्हले बलावानं पहिलेच गयं व्हतं. आदला रोजपाईन पोटमा हालेच ना. मी कपाशीनं गाठोडं उचलं व्हतं, सासू नको म्हने तरी. मी घाबरी गयू, कोनले सांगं नही. लोकेस्नी तुमन्हावर दोष टाका, न मी टाकू दिन्हा. तुम्ही रोज पयतस ते मी मयामाईन दखस."

अक्कांनी हात काढून घेतला नाही. परतताना, शहाद्याहून रात्री आलेल्या एका बैलगाडीत, त्या पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला वाटलं, आता तरी यांच्या छातीवरचा धोंडा उतरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पलीकडचं दार उघडलंच नाही. उजाडलं, ऊन आलं. मी कडी वाजवली. अक्का खाटेवर बसल्या होत्या, बूट समोर पडलेले. "आते कसाले पयनं?" त्या म्हणाल्या. इतके दिवस ज्याच्यासाठी पाय उचलले, तेच हातातून गेलं होतं. मी बूट त्यांच्या पुढ्यात सरकवले आणि म्हटलं, "खाटेपासून दारापर्यंत तरी."

निघालो. त्या दिवशी आम्ही बोललो नाही, म्हणून पळालोही थोडंच. चिंच आली. अक्का थांबल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि सावकाश तिच्या मुळावर बसल्या. पदराने तोंड पुसलं. बराच वेळ वर फांद्यांकडे बघत राहिल्या.

"कितली सावली शे वं आठे," त्या म्हणाल्या. आणि मग, माझ्याकडे न बघता, "माले पयाले तरी मियनं. हिरा बिचारी इतला रोज कोठे पयती?"

रोज आम्ही इथूनच मागे फिरायचो. त्या दिवशी अक्का उठल्या आणि मळ्याच्या दिशेने पळू लागल्या, हळूहळू, आपल्या रोजच्या चालीने. मी मागे. हिरा खाटेवर पोरीला घेऊन पडली होती. आम्हाला पाहून तिने तोंड भिंतीकडे वळवलं. अक्का तिच्या उशाशी बसल्या, खांद्याखाली तो मोठा हात घातला आणि म्हणाल्या,

"ऊठ वं माय. आज खाटलापाईन दारपर्यंत. मी शे ना संगे."